धुण्याआधीचं गोड पाणी

आमच्या आत्याच्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. आतोबांना तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मान्य आहे. पण त्याच जिभेच्या भरवशावर सगळं गाव पाणी पीत होतं, हे परक्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. हसू दे. आम्हीही हसायचो.

आत्या पाणीघर सांभाळते. पाणीघर म्हणजे मोठ्या विहिरीला खेटून असलेली, पत्र्याच्या छपराची एक खोली. आत पंप, नळांचा गुंता, कोपऱ्यात मिठाच्या गोण्यांची थप्पी आणि मधोमध माणसापेक्षा उंच अशी निळी टाकी. बाहेरच्या भिंतीला ओळीनं तोट्या. धुणीभांडी वाटेल त्या पाण्यावर करा, पण प्यायचं पाणी इथूनच कॅनमध्ये भरून न्यायचं, असा गावचा नियम. गोण्या उतरवून घेताना दिसते म्हणून लोक तिला मीठबाई म्हणतात. स्वभावावरून नव्हे, हेही तिच्या तोंडावर सांगतात.

ती अजून तिथेच आहे. पण आता ती पाण्याची चव घेत नाही. आणि तिथे खुंटीला एक कॅन टांगलेला आहे, त्याला कोणी हात लावत नाही. तिथपर्यंत कसं आलो, ते सांगतो.

आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे. शेतातलं खत आणि घराघरांच्या शौचखड्ड्यांतली घाण झिरपत झिरपत खाली उतरते आणि हा क्षार पाण्यात मुरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. गाळून जात नाही, उकळून जात नाही. मोठ्या माणसाला तो लगेच काही करत नाही. पण बाटलीच्या दुधातून तान्ह्या बाळाच्या पोटात गेला, की रक्ताला श्वास वाहून नेता येईनासा होतो आणि बाळ निळं पडतं. हे सगळं पाणीघराच्या दारावर चित्रासकट रंगवलेलं होतं. चित्रातलं बाळ टाकीच्याच रंगाचं होतं. आतोबांचं म्हणणं, "रंगाऱ्याकडं टाकीचा रंग उरला असणार. उगाच वाया कशाला घालवा!"

टाकीत मोहरीएवढे पिवळसर मणी भरलेले असतात. विहिरीचं पाणी त्यांच्यातून खाली उतरतं तेव्हा मणी नायट्रेट धरून ठेवतात. धरून धरून ते भरले, की त्यांना कडक मिठाच्या पाण्यानं धुवायचं. मग नायट्रेट सुटतं, ते धुवण टँकर घेऊन जातो आणि मणी पुन्हा मोकळे. आत्याच्या कामाचा गाभा एवढाच. पण धुण्यानंतर पहिलं पाणी खारट येतं. ते सोडून द्यायचं, मग जिभेवर थेंब घ्यायचा, मग आणखी सोडायचं. मशीन होतं खारटपणा मोजायचं, पण ते धूळ खात पडलेलं. आत्याची जीभ त्याच्याआधी सांगायची.

तरीही धुतल्या दिवसाचं पाणी किंचित खारट लागायचंच. लोक काय, बोलायला टपलेलेच.

"काय मीठबाई, आज चहात मीठ?"

"मीठ माझं नाही हो. तुमच्या बायकोनं साखर बंद केलीय. घरी जाऊन विचारा, हिंमत असेल तर."

तोंडावर अशी उत्तरं द्यायची, पण हे तिच्या मनाला लागायचं. आपल्या हातचं पाणी कोणी तोंड वाकडं करून प्यावं, हे तिला खपत नसे. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की मणी धुवायची वेळ जवळ येते तसं पाणी गोड लागतं. अगदी शेवटी, धुण्याच्या तोंडावर, तर असं की नुसतं पीत राहावं. मग तिनं धुणं थोडं थोडं पुढे ढकलायला सुरुवात केली. लोकांनाही चटक लागली. "धुण्याआधीचं गोड पाणी" असं त्याला नावच पडलं. त्या दिवशी तोट्यांशी रांग लागायची आणि आत्या रांगेवर राज्य करायची.

"तुम्ही मागं व्हा. तुमच्या घरात सगळे घोड्यासारखे धडधाकट. ज्यांच्या घरात तान्हं आहे, आजारी आहे, ते पुढं या."

म्हणजे ज्यांना ते पाणी द्यायचं नव्हतं, त्यांनाच ती निवडून निवडून देत होती. तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. मी पदवी घेऊन नोकरी मिळेपर्यंत म्हणून आत्याकडे राहायला आलेला. नोकरी अजून मिळते आहे. आत्या मला पदवीधर म्हणते, तेही "अहो पदवीधर, कॅन उचला" अशा थाटात.

पाणी तपासायला शहरातून एक तरुण यायचा. त्याच्या कुपीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, की नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी व्हायचं. जितकं जास्त तितकं गडद. म्हणून आतोबांनी त्याचं नाव गुलाबराव ठेवलं होतं. गुलाबराव यायचा तो नेहमी मणी धुतल्यावर, कारण आत्या त्याला तेव्हाच बोलवायची. घर आवरून पाहुण्याला बोलवावं तसं. पाणी दरवेळी काचेसारखं स्वच्छ.

एकदा तो कुप्या पुसता पुसता म्हणाला, "मावशी, धुण्याच्या आधीचंही तपासत जा. मी कुप्या ठेवून जातो."

"ते काय वेगळं असणार? मणी थकले तर फार तर विहिरीचं येईल तसं येईल. आणि तेवढं थकू देते का मी?"

"तसंच असतं असं नाही हो. आणि धुणं वेळेवर करताय ना?"

"तुझ्या जन्माआधीपासून भांडी घासतेय मी. मण्यांचं काय घेऊन बसलास!"

तो हसला. कुप्या ठेवून गेला. त्या मिठाच्या गोण्यांमागे पडल्या.

थंडी सुरू झाली आणि ताई, म्हणजे आत्याची मुलगी, बाळाला घेऊन राहायला आली. ताईचा नवरा फिरतीच्या नोकरीवर. बाळ मुलगी होती, जन्मतःच गुबगुबीत, म्हणून आतोबांनी तिला भोपळी म्हणायला सुरुवात केली. ताई चिडायची.

"बाबा, चारचौघांत काय भोपळी भोपळी!"

"अगं, तुला आम्ही वर्षभर बेडकी म्हणत होतो. कुठं काय बिघडलं?"

ताईला दूध पुरत नव्हतं. डॉक्टरांनी भुकटीचं दूध चालू केलेलं. आणि इथे आत्याच्या अंगात संचारलं. नातीच्या बाटलीत खारट पाणी? शक्यच नाही. धुण्यासाठी तोटी बंद करण्यापूर्वी शेवटचं जे पाणी यायचं, ते ती वेगळ्या, पांढऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये भरून आणायची. त्या कॅनला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी एकदा तहानेच्या भरात त्यातलं पेलाभर प्यायलो, तर तिनं मला असं झापलं, की पाणी घशातच अडकलं.

एवढ्यानं भागेना. ते पाणी ती पातेल्यात ओतून खळखळून उकळायची, चांगलं निम्मं होईपर्यंत. "नायट्रेट मण्यांनी काढलेलंच असतं, आटलं की उरलेलं वाईटही जळून जातं," ती ताईला सांगायची. स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरायची. पातेल्यातलं पाणी कमी होत जायचं आणि त्यातलं जे उडून जात नव्हतं, ते सगळं तळाशी उरलेल्या पाण्यात दाटत जायचं. भोपळीची बाटली त्यातून भरायची.

भोपळी शांत झाली. आली तेव्हा रडून घर डोक्यावर घ्यायची. पण आता दूध प्यायली की झोपायची, उठवलं की डोळे किलकिले करून परत झोपायची. येणारेजाणारे कौतुक करायचे. समोरच्या गल्लीतली शिंपीण झबली द्यायला आली, तिच्या कडेवर तिचंही बाळ होतं, थोडंसंच मोठं. म्हणाली, "मावशी, पाण्याचा गुण हो. माझंही तुमच्या गोड पाण्यावर कसं निवांत झालंय. पूर्वी मशीन चालवू द्यायचं नाही."

"मग! उकळतेस ना नीट?"

"निम्मं करते. तुम्ही सांगितलं तसंच."

आत्या खूश. आतोबा मात्र पाळण्यावर वाकून बघत होते. ते आयुष्यभर बस दुरुस्त करत आलेले. आवाज बदलला की त्यांचे कान उभे राहतात.

"हिची नखं बघितलीस का? शाईत बुडवल्यासारखी दिसतायत."

"थंडी आहे. मोजे घाला तिला."

मोजे घातले. नखं झाकली गेली.

पुढे ओठांभोवती राखाडी कड आली. आत्यानं टोपी चढवली, शेगडी जवळ ओढली. ताई म्हणाली, "आई, ही दूध ओढताना मध्येच थांबते, दम लागल्यासारखी." आत्या म्हणाली, "भोपळी आहे ती. खादाडाला दम लागतोच." पण हे म्हणताना ती हसली नाही. त्या दुपारी तिनं कॅनमधलं थोडं गोड पाणी काढून आणखीच आटवलं. मला ते पातेलं अजून दिसतं. कडेला पांढरी रेघ, आणि तळाशी थोडंसं, अतिशय स्वच्छ पाणी.

सकाळी ताईच्या किंकाळीनं घर उठलं. भोपळी निळसर राखेच्या रंगाची झाली होती. जीभसुद्धा. दारावरच्या चित्रातला रंग रंगाऱ्यानं कुठून घेतला होता, ते तेव्हा कळलं.

दवाखान्यात आम्ही शेजाऱ्याच्या गाडीतून पोचलो. डॉक्टरीणबाईंनी प्राणवायूची नळी लावली, बाळाचा रंग बदलेना. त्यांनी टाचेतून रक्ताचा थेंब काढून पांढऱ्या कागदावर घेतला आणि वारं घालत राहिल्या. रक्त लाल झालं नाही. चॉकलेटी होतं, तसंच राहिलं.

"बाटलीचं दूध?"

"हो," ताई म्हणाली.

"पाणी कुठलं?"

आत्या पुढे झाली. मला वाटतं, त्या क्षणीही तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "पाणीघराचं. माझ्या हातचं. आणि उकळून, निम्मं आटवून."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग कपाटातून औषध काढलं. ते औषध गडद निळं होतं. निळ्या बाळाच्या हातात निळं औषध चढवताना बघून ताईनं तोंडात पदर कोंबला. आतोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग भोपळीच्या ओठांना कडेकडेनं गुलाबीपणा आला, आणि ती रडली. आल्या दिवसासारखी, घर डोक्यावर घेऊन. मी जन्मात इतका चांगला आवाज ऐकलेला नाही.

"आता ठेवून घ्यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ते पाणी आधी तपासा. आत्ता."

मी गुलाबरावला फोन केला. तो आला तेव्हा आत्या पाणीघराच्या पायरीवर बसली होती, पांढऱ्या झाकणाचा कॅन मांडीत धरून. लेकरू धरावं तसा.

त्यानं तीन कुप्या मांडल्या. एकीत टाकीतून आत्ता येणारं पाणी. एकीत थेट विहिरीचं. एकीत कॅनमधलं. तिन्हींत थेंब टाकले. आम्ही वाट बघत राहिलो. टाकीचं पाणी तसंच राहिलं. कालच धुतले होते मणी. विहिरीचं गुलाबी झालं. कॅनमधलं झालं ते बीट कापल्यासारखं.

आत्या कुपीकडे बघत म्हणाली, "हे विहिरीपेक्षा जास्त कसं? आणि हे तर न उकळलेलं आहे. आत जातं त्यापेक्षा बाहेर जास्त कसं येईल?"

गुलाबराव रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं आतोबांकडे बघून, त्यांना समजेल असं सांगितलं.

"बस आहे असं धरा. मणी म्हणजे बाकं. सुरुवातीला नायट्रेट चढतं, बसतं. पण तुमच्या विहिरीत आणखी एक क्षार आहे, सल्फेट. तो दांडगा. जागा आहे तोवर दोघं बसतात. बाकं भरली, की दांडगा नवा चढतो आणि नायट्रेटला उठवून स्वतः बसतो. उठलेले सगळे दाराशी गोळा होतात. एवढ्या दिवसांचे चढलेले, सगळे एकदम उतरतात. धुणं वेळेवर झालं तर ही वेळ येत नाही. लांबलं, तर शेवटच्या पाण्यात ते सगळं येतं."

"आणि गोड लागतं," आत्या म्हणाली.

"मीठ संपलेलं असतं म्हणून गोड लागतं, मावशी. नायट्रेटला चवच नाही."

आत्यानं कॅन जमिनीवर ठेवला. तिच्या तोंडचं पाणी पळालं म्हणजे काय, ते मी समोर पाहिलं. मग ती एकदम उठली.

"पदवीधर, चप्पल घाल."

काल सकाळी मणी धुण्याआधी रांग लागली होती. कोणाला कॅन दिला, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं, कारण तिनंच एकेकाला पुढं बोलावलं होतं. आम्ही घरोघर गेलो. ती दार वाजवायची आणि दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कालचं पाणी ओता. आत्ता, माझ्यासमोर ओता. बाळ कुठंय? दाखव मला. मोजे काढ."

लोक हसायचे. "काय मीठबाई, गोड पाणी परत न्यायला आलात होय? दिलेलं दान परत घेताय?" मग तिचा चेहरा बघून हसणं थांबायचं. एका घरी म्हातारबुवांनी ते पाणी आधीच पिऊन संपवलं होतं आणि ते मजेत होते. एका घरी बाळ होतं, पण अंगावर पिणारं; ते तिच्या बोटाला धरून लाथा झाडत होतं. आत्यानं त्याची वीसही नखं उजेडात धरून पाहिली.

शिंपिणीच्या दाराला कुलूप होतं.

शेजारीण भांडी विसळत होती. "माहेरी गेली की सकाळच्या गाडीनं. नवरा तिकडंच कामाला लागलाय ना. शिवणकाम सगळं आवरून गेली. तुमचा कॅनसुद्धा नेला बघा, मांडीवर घेऊन. म्हटलं, एवढं ओझं कशाला? तर म्हणाली, तिकडचं पाणी बाळाला सोसायचं नाही, मीठबाईंच्या हातचंच बरं."

मी फोन लावला. लागेना. गाडी डोंगरातून जात असणार. आत्या शिंपिणीच्या उंबऱ्यावरच बसली. खिडकीतून आतलं शिवणयंत्र दिसत होतं, वर चादर झाकलेली. मी लावत राहिलो. मध्येच दवाखान्यात परतलेल्या आतोबांचा फोन आला, भोपळी दूध प्यायली, बाटलीबंद पाण्यातलं. आत्यानं नुसती मान हलवली आणि माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. लाव.

उन्हं कलायला लागल्यावर फोन लागला. आत्यानं तो हिसकावून घेतला आणि आवाज मोठा केला.

"पोचलीस?"

"आत्ताच टेकले, मावशी. का हो?"

"बाळ काय करतंय?"

"झोपलंय. एवढा लांबचा प्रवास, एवढे धक्के, पण हूं नाही की चूं नाही. सगळी गाडी कौतुक करत होती. भारी गुणी."

"बाटली दिलीस?"

"दिली की. तुमच्याच पाण्याची. काळजी करू नका, निघताना छान आटवून घेतलं होतं."

आत्यानं डोळे मिटले. "ऐक. त्याला खिडकीशी ने. मोजे काढ आणि नखं बघ."

"अहो, थंडी किती आहे इकडं! आधीच जरा काळवंडलंय गारठ्यानं..."

"नखं बघ, पोरी."

फोनमधून तिच्या पावलांचा आवाज आला. खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला. मग तिनं बाळाला लाडाच्या नावानं हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. आत्या ओरडत होती, दवाखान्यात ने, निळं औषध माग, रक्ताचा रंग दाखव म्हणावं. पलीकडे ऐकायला कोणी नव्हतं. फोन कुठेतरी खाली पडला होता आणि त्यातून फक्त हाका येत होत्या.

त्यांचा दवाखाना दूर होता.

आता धुणं वेळेवर होतं. धुण्याच्या तोंडावरचं पाणीसुद्धा कुपीत घेऊन आत्या स्वतः तपासते, मगच तोट्या उघडते. लोक परत तक्रार करायला लागले आहेत, पाणी खारट लागतं म्हणून. ती उत्तर देत नाही. भोपळी रांगते, सगळीकडे पाणी सांडते, आणि आत्या येताजाता तिला उचलून उजेडात नेते आणि तिची बोटं उघडून बघते. भोपळीला तो खेळ वाटतो.

शिंपीण परत आली ती एकटी. एका सकाळी पाणीघर उघडायला गेलो, तर पायरीवर आमचा कॅन होता. आतून बाहेरून घासलेला, उपडा घातलेला. आत्यानं तो उचलून खुंटीला टांगला. तेव्हापासून ते घर आमचं पाणी नेत नाही, आणि शिवणयंत्राचा आवाज मात्र दिवसभर येत असतो.